कोड आला म्हणजे सेन्सर गेलाच असं नाही

भाऊ, पोकलेनच्या स्क्रीनवर नॉक्स सेन्सरचा (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) फॉल्ट कोड आला म्हणून नवा सेन्सर मागवू का, असं तू विचारलंस. मागवायच्या आधी जरा थांब. नव्या पोरांची पहिली चूक हीच: स्क्रीनवर सेन्सरचं नाव दिसलं की पार्ट बदलायचा. खिसा रिकामा, आणि कोड परत तिथंच.

कोडमध्ये दोन आकडे असतात. एसपीएन सांगतो कुठल्या भागाची तक्रार आहे, एफएमआय सांगतो तक्रार काय. तू फक्त पहिला लिहिलायस. दुसरा ३ असेल तर व्होल्टेज जास्त, ४ असेल तर कमी, ५ म्हणजे बहुतेकदा सर्किट तुटलेलं. तिन्हीत आधी वायरिंग आणि कनेक्टर बघ. पोकलेनवर वायर घासून कापणं रोजचंच. तीन-चार सेन्सरचे कोड एका वेळी आले तर ५ व्होल्टची सामाईक लाइन नाहीतर अर्थिंग तपास. सगळे सेन्सर एकदम मरत नाहीत.

एवढं पाळ:
- कोड पुसायच्या आधी फोटो काढ, चालू आणि जुने दोन्ही.
- बॅटरीचं व्होल्टेज मोज.
- डीईएफ (धूर साफ करायला लागणारं युरिया-पाण्याचं द्रावण) रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे द्रावणातलं प्रमाण दाखवणाऱ्या यंत्राने तपास, युरिया ३२.५ टक्के हवा. साइटवर कुणी पाणी मिसळलं असेल तर सेन्सर बिचारा खरंच सांगतोय.
- चावी चालू असताना कनेक्टर काढू नकोस, उगाच नवे कोड येतात.

रीजनरेशन (फिल्टरमधली काजळी जाळणं), सॉफ्टवेअर वगैरे नंतर बघू. आधी एफएमआय कळव.