आर-नॉट : दर, क्रमांक की अंक?

साथीच्या बातम्यांत ‘आर-नॉट’ म्हणून जो आकडा येतो, त्याला मराठीत कोणी ‘पुनरुत्पादन दर’ लिहितं, कोणी ‘पुनरुत्पादन क्रमांक’. यातलं बरोबर कोणतं, असा प्रश्न आला आहे.

मला दोन्ही पटत नाहीत. ‘क्रमांक’ तर लगेच बाद. इंग्रजीतल्या ‘नंबर’ला मराठीत दोन वाटा फुटतात : रांगेतली जागा सांगायची तर क्रमांक, मोजदाद सांगायची तर संख्या किंवा अंक. इथे मोजदाद आहे. कोणालाच प्रतिकारशक्ती नाही अशा लोकांत एक रोगी आला, तर त्याच्याकडून सरासरी किती जणांना थेट लागण होईल, तेवढं हा आकडा सांगतो. गोवराचा साधारण 12 ते 18 धरतात.

‘दर’ मात्र खरा घोळ घालतो. ‘दर माणशी’ही आपण म्हणतो, कबूल, पण फैलावाला ‘दर’ जोडला की वाचणाऱ्याला वेगच वाटतो. आणि या आकड्यात काळ मुळीच नाही. एचआयव्हीसाठी 2 ते 5 असे अंदाज दिले जातात, हंगामी फ्लूसाठी बहुधा दीडच्याही आत. म्हणून एचआयव्ही फ्लूपेक्षा झपाट्याने पसरतो का? छे! फ्लू एकाकडून दुसऱ्याकडे तीनेक दिवसांत जातो; एचआयव्हीच्या बाबतीत तो आकडा भरायला वर्षं लागतात.

राहिलं ‘पुनरुत्पादन’. ही लोकसंख्याशास्त्रातली उसनवारी. तिथे एका बाईमागे पुढच्या पिढीत किती मुली, असा हिशेब असतो. इथे एका रोग्यामागे किती रोगी. उपमा चपखल आहे, पण मराठीत वाचताना जंतूंची वीण डोळ्यांपुढे येते. आपल्याकडे रोग लागतो, पसरतो, फैलावतो. म्हणून मी ‘प्रसारांक’ लिहितो. गुणांक, द्रवणांक, बुद्ध्यंक यांच्या पंगतीत तो सहज बसतो.

‘नॉट’ म्हणजे इथे नकार नव्हे, ‘आर’च्या पायाशी लिहिलेलं शून्य. त्यासाठी ‘मूळ प्रसारांक’ म्हणावं. लसीकरण, आधीची लागण, अलगीकरण यांमुळे प्रत्यक्षात जो उरतो तो ‘प्रभावी प्रसारांक’. तो 1च्या खाली राहिला की साथ ओसरू लागते. ‘गोवराचा प्रसारांक कमी झाला’ असं वाक्य दिसलं, तर कोणता, हे आधी विचारा. लसीकरणाने प्रभावी अंक उतरतो, मूळ नाही.