विचारा डॉक्टरांना : चेंगराचेंगरीत नक्की होतं काय?

प्रश्न : डॉक्टर, मी रोज परळला उतरते. २०१७ साली शेजारच्या एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावर जी चेंगराचेंगरी झाली त्यानंतर जिन्यावर गर्दी दिसली की पोटात गोळा येतो. चेंगराचेंगरीत माणसं पायाखाली तुडवूनच जातात ना? मग खाली पडायचं नाही एवढं सांभाळलं की झालं का? (एक वाचक, कल्याण)

उत्तर : नाही ना ताई, तिथेच तर गडबड आहे. आपला शब्दच असा आहे, चेंगराचेंगरी, की ऐकलं की पळणारे पायच डोळ्यासमोर येतात. पण यात बहुतेक जण जातात ते श्वास कोंडून, आणि कितीतरी जण उभ्या उभ्याच. श्वास घ्यायचा तर छाती फुगायला जागा लागते, पुढून मागून माणसांचा दाब आला की तेवढी बोटभर जागाही उरत नाही, मग नाक तोंड मोकळं असूनही हवा आत जात नाही, माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होतो आणि तरी उभाच दिसतो, कारण पडायलाही जागा नसते. लोखंडी कठडे वाकतात एवढा तो दाब असतो, तिथे बरगड्यांचं काय घेऊन बसलात.

हे कधी होतं? एक चौरस मीटर जागा धरा, म्हणजे साधारण सव्वातीन फूट बाय सव्वातीन फूट. त्यात ४ माणसं असली तर खेटून का होईना चालता येतं. ५ झाली की सावध व्हायचं. ६-७ च्या पुढे गेलं की ती माणसांची गर्दी राहतच नाही, पाण्यासारखी लाट होते, तुमचे पाय तुमचे राहत नाहीत. दक्षिण कोरियात सोल शहराच्या इतेवॉन भागात २०२२ ला उताराची एक गल्ली, रुंदी जेमतेम ३ मीटर, तिथे १५९ जण गेले. बहुतेक तरुण, धडधाकट पोरं हो.

एल्फिन्स्टनला दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाऊस आला, लोक जिन्यावर थांबले, खाली लोकल येतच होत्या आणि प्रत्येक लोकलमधून अजून माणसं जिन्याकडे. २३ जण गेले. कोणीतरी ‘फूल गिर गया’ म्हणालं आणि ते ‘पूल गिर गया’ ऐकू आलं, असं तेव्हा सगळीकडे फिरत होतं. असेलही. पण मला विचाराल तर तो अरुंद जिना आधीच गच्च भरला होता, अफवेने फार तर काडी टाकली. ‘लोक घाबरले म्हणून झालं’ हे वाक्य मला बिलकुल पटत नाही, त्यात मेलेल्यांवरच खापर फुटतं. मागच्याला पुढचं दिसतच नाही हो, त्याला वाटतं लाईन सरकत नाहीये, तो जरासाच रेटतो, त्याच्या मागचाही जरासाच, आणि हे सगळे ‘जरासे’ पुढच्या माणसाच्या छातीवर एकत्र येतात.

प्रश्न : २०२७ ला नाशिकच्या सिंहस्थाला आईबाबांना न्यायचंय, दोघं सत्तरीचे. २००३ च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी आठवून भीती वाटते. न्यावं का? (एक वाचक, संगमनेर)

उत्तर : न्या, पण पर्वणीच्या दिवशी नको, हे मी माझ्या आईलाही सांगणार आहे. गोदावरी दुसऱ्या दिवशीही तिथेच असते. आणि नेलंतच तर पोचल्या पोचल्या बाहेर पडायचा रस्ता बघून ठेवा, कुठे भेटायचं ते ठरवा, नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात द्या कारण गर्दीत मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. चारी बाजूंनी माणसं एकदम लागायला लागली, की अजून हलता येतंय तोवरच बाहेर पडा, ‘आता एवढं आलोय तर दर्शन घेऊनच’ हा हट्ट सोडा.

अडकलातच तर दोन्ही हात मुठी करून छातीसमोर धरा, बॉक्सर धरतो तसे, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. ओरडून दम घालवू नका. चप्पल निघाली, फोन पडला, गेला समजा, वाकायचं नाही. लाट येते तेव्हा उलटं रेटू नका, ती जरा थांबली की तिरकं तिरकं कडेला सरका, पण भिंतीला किंवा कठड्याला चिकटून राहू नका. पडलातच तर पाठीवर पोटावर नाही, कुशीवर, गुडघे पोटाशी, हात डोक्यावर.

प्रश्न : तुमचं सदर आरोग्याचं, गर्दी हे पोलिसांचं काम. आमचं गणपती मंडळ आहे म्हणून विचारतो, आम्ही काय करणार? (एक कार्यकर्ता, सातारा)

उत्तर : काका, माणसं शेवटी येतात आमच्याकडेच, आणि तोवर आमच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. म्हणून हे सदरातच. तुमच्याच जिल्ह्यात मांढरदेवीची काळुबाईची जत्रा, २५ जानेवारी २००५. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकानं, त्यात भर म्हणजे दुकानांना लागलेली आग आणि फुटलेले सिलिंडर. जवळपास ३०० जण गेले. यातली एक तरी गोष्ट औषधाने बरी होणारी आहे का? पायरी धुऊन कोरडी ठेवणं हेच तिथलं औषध.

तुमचा मांडव समजा १० बाय २० मीटरचा, म्हणजे २०० चौरस मीटर, त्यातून स्टेज, मूर्ती, स्टॉल वजा करा, उरलेल्याला फार तर ४ ने गुणा. तेवढीच माणसं आत. सपाट जागेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ८० माणसं बाहेर पडतात, पायऱ्यांवर कमी, त्यावरून तुमचं गेट पुरतंय का बघा. यायची वाट वेगळी, जायची वेगळी. जायच्या वाटेवर वडापावची गाडी, पार्किंग, सेल्फी पॉइंट काही नको, नगरसेवकाची असली तरी.

आणि एक पोरगा उंचावर बसवा, ज्याला आरती बिरती काही काम नाही, फक्त बघायचं. पुढे दाटी झाली की त्याने मागची लाईन थांबवायला लावायची. बहुतेक जण माईकवर पुढच्यांनाच ‘सरका सरका’ ओरडतात, ते बिचारे कुठे सरकणार? बंद ठेवलेलं गेट एकदम उघडू नका. ॲम्ब्युलन्सची वाट मोकळी ठेवा, आणि मंडळातल्या दहाबारा पोरांना सीपीआर शिकवून घ्या. गर्दीतून काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर १०८ ची गाडी येईपर्यंत थांबून चालत नाही, तिथेच छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करायची. ऑगस्टच्या आधी एखादा रविवार काढा, तुमच्या गावातले डॉक्टर येऊन शिकवतील, चहापाणी तुमच्याकडे.