सेंट्रिंगचा माल तिघांत कसा फिरवावा?

प्रश्न : आम्ही तीन छोटे ठेकेदार आहोत. तिघांचीही साधारण १०० चौरस मीटर स्लॅबची बांधकामे चालू आहेत. प्रत्येकाच्या सेंट्रिंगच्या (ओले काँक्रीट पेलणाऱ्या तात्पुरत्या साच्याच्या) प्लेटा आणि लोखंडी टेकू निम्मा वेळ पडून असतात. नवा माल न घेता एकमेकांचा वापरता येईल का? कुठे बिघडते?

उत्तर : येईल, आणि जरूर वापरा. आधी दिवस मोजा. सेंट्रिंग लावणे आणि सळई बांधणे ६ दिवस, काँक्रीट ओतल्यावर १४ दिवस, साफसफाई आणि वाहतूक २ दिवस, म्हणजे माल २२ दिवस अडकतो. तुमचा पुढचा स्लॅब ४५ दिवसांनी येत असेल तर एक संच दोन कामांना पुरतो. तिघांना हिशोबाने दीड लागतो, पण दोन ठेवा. पावसाने एक तारीख चार दिवस पुढे गेली की दीड संचाचे गणित कोलमडते आणि मग टेकू लवकर ओढायची घाई होते.

खरा धोका तिथेच आहे. साध्या पोर्टलँड सिमेंटच्या स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधले अंतर) ४.५ मीटरपर्यंत असेल तर टेकू किमान ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठा असेल तर १४. बीमखाली ६ मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१ दिवस, म्हणून बीमखालचे टेकू वेगळे मोजा. सिमेंटमध्ये फ्लाय ॲश असेल किंवा थंडी असेल तर मुदत वाढवा. टेकू कधी काढायचे हे ज्याचा स्लॅब त्याच्या अभियंत्याने ठरवावे, मालाची वाट पाहणाऱ्याने नव्हे. करारात हे लेखी हवेच.

प्रत्येकाच्या मालाला वेगळ्या रंगाचा पट्टा मारा. सर्वांत आधी हरवतात त्या टेकूंची उंची पक्की करणाऱ्या पिना; त्या साखळीने टेकूलाच अडकवा. पिनेच्या जागी सळईचा तुकडा घालू देऊ नका. तो भोकात सैल बसतो आणि भाराखाली वाकतो. नळी वाकलेला टेकू सरळ करून परत लावू नका, बाद करा. टेकूची उंची २.५ वरून ३.५ मीटर केली की तो पेलू शकणारा भार जवळजवळ निम्मा होतो. म्हणून दुसऱ्याच्या उंच मजल्यावर दोन टेकूंमधले तेच अंतर चालत नाही.

प्लेटा त्याच दिवशी खरवडून, तेलाचा पातळ हात देऊन पाठवा. हातोड्याने ठोकून कडा वाकल्या की सांध्यातून स्लरी (सिमेंटचे पातळ पाणी) गळते आणि स्लॅबखाली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके पडतात. ने-आण करताना दोघांनी मिळून मोजणी करून सह्या कराव्यात.

प्रश्न : उरलेल्या सिमेंटच्या गोण्याही अशाच द्याव्यात का?

उत्तर : बंद गोणी द्या, पण तारीख पाहून. तीन महिन्यांहून जुने सिमेंट स्लॅबला चाचणीशिवाय वापरू नका. उघडलेली गोणी ज्याची त्यानेच लगेच संपवावी. हाताने चुरडत नाहीत अशा गाठी दिसल्या तर ती कुणाकडेही पाठवू नका.