लहानशा वर्गखोलीची मांडणी आणि सजावट कमी पैशांत कशी करावी?

तुम्ही लिहिलंय: खोली १२ बाय १४ फूट, दुसरीची ३६ मुलं, शाळेने हातावर ठेवलेले २,००० रुपये, आणि प्रश्न असा की चार्ट कुठले लावू, पताका कशा करू, वाचनकोपरा कुठे बसवू. पताकांकडे येते मी. त्याआधी मला एक सांगा, तुमचं स्वतःचं टेबल केवढं आहे?

सगळे भिंतींबद्दल विचारतात, जमिनीबद्दल कोणी विचारत नाही. सीबीएसईच्या मान्यतेच्या नियमांत वर्गखोली साधारण ५०० चौरस फुटांची हवी, दर मुलामागे निदान एक चौरस मीटर हवा, असं लिहिलेलं आहे. तुमचे १६८ चौरस फूट म्हणजे साडेपंधरा चौरस मीटर. ३६ मुलांत वाटून बघा, एकेकाच्या वाट्याला अर्धासुद्धा येत नाही. त्यातच त्याचं दप्तर. अशा खोलीत आधी पताका लावणं म्हणजे खच्चून भरलेल्या एस.टी.त तोरण बांधणं.

मी बडोद्याची. जुन्या शहरातल्या एका मराठी शाळेत २६ वर्षं पहिली-दुसरी शिकवली. शाळा एका वाड्यात भरायची. माझी खोली ११ बाय १५, मधोमध सागवानी खांब, भिंतीत तीन कोनाडे, पावसाळ्यात चुन्याचे पोपडे, आणि पुढे लाकडी प्लॅटफॉर्मवर टेबल-खुर्ची. मुलं ३४. फळ्याकडे जायचं तर पोरांना पाय दुमडून घ्यायला सांगावं लागे.

२००४ सालची गोष्ट. एका शनिवारी मुलं गेल्यावर मी खडू घेतला नि जमिनीवर रेघ मारली. टेबल, त्यामागे खुर्ची सरकवायची जागा, प्लॅटफॉर्मची कड. ५ बाय ६ निघालं. म्हणजे ३० चौरस फूट! १६५ पैकी ३०, खोलीचा जवळजवळ पाचवा हिस्सा एका बाईला, आणि ती बाई दिवसभर उभी. त्या जागेत मी बसायचे कधी, तर हजेरी मांडायला नि डबा खायला.

शिपाईकाकांनी नि मी मिळून प्लॅटफॉर्म त्याच दुपारी जिन्याखाली नेला. सोमवारी टेबल व्हरांड्यात काढलं. त्या दिवशी दुसरीची मुलं पहिल्यांदा गोल करून बसली. चौतीस मुलांचा एक गोल होईना, खांब आड येई, म्हणून दोन गोल केले, एकात एक. मला आतल्या गोलात बसायला जागा झाली. इतकंच. पण तुम्ही वर्गात शिकवत असाल तर ‘इतकंच’ म्हणजे काय ते तुम्हाला कळेल.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाई आल्या.

‘‘बाई, टेबल कुठाय?’’

‘‘व्हरांड्यात.’’

‘‘आणि पालक आले तर?’’

‘‘आले तर उभ्यानेच बोलतात ते, दोन मिनिटांत निघतात.’’

‘‘अहो, पण शिक्षकाचा काही मान असतो की नाही?’’

मान! माझा मान चार पायांवर उभा होता हे मला माहीतच नव्हतं. असं बोलले मात्र नाही. मनात बोलले. तेव्हा नोकरीची तितकी खात्री नव्हती.

अडचण पुढेच होती. त्या टेबलाच्या पुढच्या फळीवर पितळी पाटी होती, ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. अमुक म्हणजे आमच्या एका ट्रस्टींचे आजोबा. आणि व्हरांड्यातल्या मोकळ्या टेबलावर कोणीतरी पाण्याचे दोन माठ ठेवले, खाली फडकं, फडक्यातून पाणी टपटप त्या पाटीवरून. बक्षीस समारंभाला ट्रस्टी आले ते नेमके त्याच बाजूने. त्यांच्या प्रत्येक भाषणात एक वाक्य ठरलेलं, की सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सुरुवात करून १९०६ साली अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. खरं आहे, आम्हा बडोदेकरांना त्याचा अभिमान आहे. पण सक्तीने आणलेल्या पोराला बसायला जागा लागते ना? त्या दिवशी महाराजांचं वाक्य झालं नि मागोमाग ‘आजकाल दात्यांची आठवण पाण्याखाली जाते’ हेही झालं. मंगळवारी मला मेमो, बुधवारी टेबल वर्गात परत.

मेच्या सुट्टीत मी मिस्त्री बोलावला. अडीच फूट उंचीच्या टेबलाचे पाय १६ इंच कापायचे म्हटल्यावर तो करवत खालीच ठेवून बसला. ‘‘बेन, आ तो सागनुं छे!’’ मी म्हटलं, म्हणूनच कापायचंय, टिकेल. दोन्ही खण काढून घेतले, त्यांत खडू नि कात्र्या. पुढची फळी उचकटली, ती दोन विटांवर टेकवून पुस्तकांची मांडणी केली. त्यामुळे आजोबांची पाटी गोष्टीच्या पुस्तकांच्या खाली आली, नि खरं सांगायचं तर इतकी ती आधी कोणी वाचलीच नव्हती. उरलेल्या १४ इंची टेबलाभोवती आठ मुलं मांडी घालून बसायची. एक गट टेबलापाशी, बाकीचे सतरंजीवर, रोज पाळी बदलायची. परवानगी? नाही घेतली. विचारलं असतं तर मोठ्या बाई नाही म्हणाल्या असत्या.

दुसरा मेमो आला तो ‘डेडस्टॉकमधील वस्तूचे नुकसान’ या विषयाचा (डेडस्टॉक म्हणजे शाळेच्या कायमच्या सामानाची नोंद). किंमत ठरवली १,२०० रुपये, पगारातून ३००-३०० करून चार महिने कापले. मोठ्या बाई सबंध सहामाही माझ्याशी कामापुरतं बोलल्या.

आणि मी काही नवं केलं नव्हतं हो. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर काढलं, आपल्या ताराबाई मोडक त्यांच्या जोडीने तिथे राबल्या नि पुढे बोर्डी-कोसबाडला बालवाड्या उभ्या केल्या. बसकं, मुलाच्या मापाचं सामान हे माँटेसरीबाईंपासून चालत आलेलं. गिजुभाई-ताराबाईंचे फोटो आमच्या ऑफिसात हार घालून टांगलेले होते, मोठ्या बाईंच्या टेबलाच्या बरोबर वर.

तर आता भिंती.

सातव्या वर्षाच्या मुलाचा डोळा जमिनीपासून साडेतीन फुटांवर असतो. सहा फुटांवरचा चार्ट तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी असतो. त्यामुळे साडेतीनच्या आसपास जे काही लावाल ते मुलांचं, वर जे लावाल ते तुमच्या समाधानाचं. कोरडी असेल ती एक भिंत निवडा (बाहेरच्या भिंतीला ओल येते, रंग फुगतो), जमिनीपासून तीन फुटांपर्यंत पॉलिशपेपरने घासा, फळ्याच्या काळ्या रंगाचे दोन हात द्या. एक लिटरचा डबा पुरून उरेल. वाळल्यावर लगेच लिहू देऊ नका, खडू आडवा धरून सगळा पट्टा पांढरा करा, मग पुसा. नाहीतर पहिलं लिहिलेलं कायमचं उमटून राहतं. माझ्या पट्ट्यावर एका मुलाचं नाव वर्षभर भुतासारखं दिसत होतं. मुलांना खाली बसून, उभं राहून, पाठीला पाठ लावून लिहिता येतं. तुमच्या २,००० मधला सगळ्यात सत्कारणी लागलेला पैसा हाच असेल.

चिकटपट्टी आणू नका. चुन्याच्या भिंतीवर चार दिवस टिकत नाही नि जाताना भिंत घेऊन जाते. सुतळी ताणा, कपड्यांचे चिमटे लावा, मुलांची कामं टांगा, शुक्रवारी उतरवा. उतरवणं महत्त्वाचं. जूनमधलं चित्र फेब्रुवारीत कोणी बघत नसतं.

दप्तरं बाहेर. हे मी आधीच लिहायला हवं होतं. व्हरांड्यात एक लांब फळी, तिला खुंट्या, आणि मुलाने तासाला लागेल तेवढंच आत आणायचं. व्हरांडा नसेल तर खिडकीच्या गजांना एस आकाराचे हूक.

वाचनकोपऱ्यासाठी कपाट घेऊ नका. आमच्याकडे खंडेराव मार्केटात फळवाल्यांकडून सफरचंदाची लाकडी खोकी मिळायची, तुमच्या मंडईतही मिळतील. खिळे ठोकून आत करा, घासा, आडवी ठेवा. बडोद्याला हे शिकवायला नको. १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले, आणि संस्थानात पुस्तकं लाकडी पेट्यांत भरून गावोगाव फिरायची. वीस पुस्तकं एका खोक्यात, महिन्याने शेजारच्या वर्गाशी खोकं बदलायचं.

आता पताका. नवरात्राच्या आधी शिंप्यांकडे चणियाचोळीचं कातरण पोत्याने पडलेलं असतं, फुकट देतात. उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, झालं की गच्चीवर कटलेले पतंग गोळा करायचे, ते खिडकीच्या वरच्या तावदानांना लावले की सकाळी जमिनीवर रंग पडतात. माझ्या वर्गात एवढीच सजावट होती, आणि वर्गसजावटीच्या स्पर्धेत मी दरवर्षी शेवटची. पहिला नंबर समोरच्या वर्गाचा, थर्माकोलचा ताजमहाल, छताला चमचमीत झुंबरं, चारी भिंती भरलेल्या. परीक्षक दारातूनच ‘वा वा’ म्हणायचे. त्या वर्गातली मुलं शिकताना वर बघायची, हे परीक्षकांना कसं दिसणार?

माझी भाची बी.एड. करते, तिने मला अलीकडे एक वाचून दाखवलं. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाने बालवर्गातल्या २४ मुलांना तेच धडे कधी सजवलेल्या, कधी जवळजवळ रिकाम्या खोलीत दिले. २०१४ मध्ये ते छापून आलं. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जवळजवळ ३९ टक्के वेळ भलतीकडे, रिकाम्या खोलीत २८. रिकाम्या खोलीत शिकलेलं त्यांना जास्त आठवलं. मी तो कागद भाचीकडून छापून घेतला, मोठ्या बाई आता अहमदाबादला लेकाकडे असतात, त्यांच्या पत्त्यावर पाठवला. उत्तर नाही.

तसं बघितलं तर २४ मुलं म्हणजे फारच थोडी, आणि उघड्याबोडक्या भिंतींचा वर्ग मलाही नको वाटतो. समोरच्या बाईंची मुलंही काही नापास होत नव्हती. आणखी एक, तुम्ही प्रोबेशनवर असाल तर माझं ऐकून टेबल कापू नका. भिंतीला चिकटवून ठेवा, त्याच्या खाली खोकी सरकवा, कायम झाल्यावर बघा. वर्गात कोणाला दमा असेल तर काळ्या पट्ट्याऐवजी जुने पाठकोरे कागद लावून लिहू द्या, खडूची धूळ वाईट.

मी २०१९ मध्ये निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात मोठ्या बाईंनी (त्या खास आल्या होत्या) माझ्या २६ वर्षांतली एकच गोष्ट सांगितली: ‘‘बाईंनी शाळेचं टेबल कापलं होतं.’’ हशा झाला. मीही हसले. मग दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन म्हटलं, १,२०० रुपये मी भरलेत, तर ते टेबल मला घरी न्यायचंय, नातीला होईल. क्लार्कने डेडस्टॉकचं रजिस्टर काढलं, बोट फिरवत गेला नि माझ्याकडे वळवून दाखवलं. भरपाईची नोंद कुठेच नव्हती. टेबल, सागवानी, नग एक, उंची ३० इंच, स्थिती चांगली.