हत्ती मारले तिथेच डाव सुटला

प्रश्न : क्लबच्या बुद्धिबळ सामन्यात माझी दोन प्यादी जास्त होती. दोघांकडे एकेक हत्ती, माझा उंट पांढऱ्या घरांचा, त्याचा काळ्या. डाव सोपा व्हावा म्हणून मी हत्तींची मारामारी केली. पुढे चाळीस चाली झगडून बरोबरीच झाली. चुकलं कुठे?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या चाली मी रात्री पटावर मांडून पाहिल्या. हत्ती गेले आणि त्याचा राजा तुमच्या ए-प्याद्याच्या वाटेत ए७ वर (ए या उभ्या रांगेतलं सातवं घर) जाऊन बसला. ते घर काळं, तुमचा उंट त्याला तिथून कधीच उठवू शकत नव्हता. दुसरं प्यादं त्याच्या उंटाने एकट्याने अडवलं. सतराव्या वर्षी सांगलीच्या एका स्पर्धेत मीही हेच केलं होतं, म्हणून तुमची हळहळ मला कळते.

दोन्ही उंटांच्या घरांचे रंग वेगळे असले की तुमचा उंट ज्या घरावर मारा करतो, ते घर त्याचा उंट राखूच शकत नाही. हत्ती सोबत असेल तर त्या घरावर तुमचा एक मोहरा जास्त लढतो. मारामारीआधीची स्थिती बघा : तुमचा उंट डी५, प्यादं ए५, त्याचा राजा जी८, प्यादं एफ७. हत्ती बी७ वर न्यायला हवा होता. मग एफ७ वर उंट आणि हत्ती असा दुहेरी मारा. ते राखायला त्याचा हत्ती एफ८ वर अडकतो, राजाही जवळच खिळतो. आता ए-प्यादं सावकाश पुढे. ए७ वर पोचल्यावर त्याच्या उंटाने ते खाल्लं, तर तुमचा हत्ती उंट खातो. त्याचा हत्ती मदतीला धावला, तर एफ७ पडतं.

नुसत्या उंटांच्या डावातही जिंकता येतं, पण बहुधा समोरच्याची चूक लागते. २०१० मध्ये सोफियात, जगज्जेतेपदाच्या आठव्या डावात, आनंदने ५४ व्या चालीला उंट सी६ वर नेला, प्रतिस्पर्धी टोपालोव्हने आपला एच६ वर, आणि पुढच्याच चालीनंतर आनंदने डाव सोडला. आनंदकडूनही होणाऱ्या अशा चुकीची आपण वाट बघायची नसते.

एक काळजी मात्र घ्या. हाच मारा तोही तुमच्या एफ२ वरच्या प्याद्यावर करू शकतो. म्हणून हत्ती बी७ वर नेण्याआधी राजा जी२ वर आणा. तिथे एफ२ राखलं जातं, आणि घर पांढरं असल्याने त्याच्या उंटाचा शहही बसत नाही.