आधी दवाखाना, आईबाबांचं मग बघू

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईचं पत्र आहे. वय 26, सासरी असते. धाकटा भाऊ 20 वर्षांचा, पुण्यात कॉट बेसिसवर राहून शिकतो. भाऊबीजेला त्यानं तिला एकटीला सांगितलं, की त्याला मुलगे आवडतात. मध्यंतरी त्याला ताप येऊन गेला, आता तळहातांवर तांबूस डाग आहेत. खाजत नाहीत. मेडिकलमधून ट्यूब आणून चोळतो, पण डॉक्टरकडे जात नाही. गावातल्या डॉक्टरांची बाबांशी रोजची ऊठबस. रात्र रात्र झोपत नाही. फोनवर एकदा म्हणाला, ‘मी नसतो तर सगळ्यांचंच बरं झालं असतं.’ ताईच्या नवऱ्याचं म्हणणं, जवळच्या शहरात एक डॉक्टर ‘हे’ औषधांनी बरं करतात, तिकडे नेऊ. ताई विचारते: नेऊ का? आईबाबांना सांगू का? त्यांच्यापासून लपवतेय म्हणजे मी चुकतेय का? आणि शेवटी, ‘असलं विचारायची लाज वाटते, रागावू नका.’

प्रिय ताई,

तुझ्या तिन्ही प्रश्नांवर येते. पण त्याआधी ते ‘मी नसतो तर’. हे वाक्य तू जाता जाता लिहिलंस, मला तिथून पुढे सरकता येईना. आज रात्री त्याची मेस उरकली की फोन कर आणि आडवळण न घेता विचार, ‘जीव द्यायचे विचार येतात का रे?’ विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर उपदेश करू नकोस, आईची शपथ घालू नकोस. ऐकून घे, त्याला एकटं राहू देऊ नकोस, आणि दुसऱ्या दिवशीची पहिली एसटी पकड. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्यानंही लावावा, तूही लाव. प्रसंग हाताबाहेर जातोय असं वाटलं तर थेट 112 या आपत्कालीन नंबरवर.

आता ते डाग. मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान करायचं नसतं. तरी ताप येऊन गेल्यावर तळहातावर न खाजणारे तांबूस डाग म्हटलं, की सिफिलिसची तपासणी झालीच पाहिजे. जुनी माणसं ज्याला गरमी म्हणतात तो हा, लैंगिक संबंधांतून पसरणारा आजार. दुसरंही काही असू शकतं, एखाद्या गोळीची ॲलर्जीसुद्धा. म्हणूनच तपासायचं. त्याला विचार, तळपायांवरही आहेत का, आणि त्याआधी काही दिवस खाली किंवा तोंडात न दुखणारी जखम होऊन गेली होती का. या आजाराची लबाडी अशी, की जखम आपोआप भरते, डागही आपोआप जातात, आणि माणसाला वाटतं ट्यूबनं गुण आला. आजार मात्र आत राहतो आणि पुढे काही वर्षांनी मेंदू, डोळे, हृदय यांच्यावर उठतो. तपासणी म्हणजे रक्ताची व्हीडीआरएल. लवकर सापडला तर बहुतेकदा पेनिसिलिनच्या एका डोसात बरा होतो. एका इंजेक्शनाच्या भीतीनं पोरगं झोप घालवून बसलंय!

ससूनला जा. त्वचा आणि गुप्तरोग विभागाची पाटी बघून तो मागे फिरेल, म्हणून तू सोबत हवीस. सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’ याच आजारांसाठी असतं आणि तपासणी-उपचार मोफत. तिथंच आयसीटीसीत, म्हणजे सल्ला आणि चाचणी केंद्रात, एचआयव्हीचीही चाचणी करून घ्या. तो 20 वर्षांचा आहे, आईबाबांची सही लागत नाही. 2017च्या एचआयव्ही कायद्यानुसार त्याच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल परस्पर कुणाला सांगता येत नाही. चाचणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगतील, तेव्हा घाबरू नका. पॉझिटिव्ह आली तर एआरटीची, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि ती नियमित घेणारा माणूस शिकतो, नोकरी करतो, म्हातारा होतो. कावीळ ‘ब’ची लस झाली नसेल तर तीही घ्या.

एक गोष्ट त्यालाच करावी लागेल, तू बाहेर बाकावर बसायचं. डॉक्टर विचारणार, ‘लग्न झालंय?’ तो म्हणणार, ‘नाही.’ संपलं. पुढचा प्रश्न येतच नाही आणि नेमकं तपासायचं ते राहून जातं. त्यानं आपणहून सांगावं, ‘माझे संबंध पुरुषांशी आहेत.’ एवढ्या चार शब्दांवर बरंच अवलंबून आहे. देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण 0.2 टक्के, तर पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये तीन टक्क्यांच्या वर. यात काही भाग शारीरिक कारणांचा आहे, त्यावर कंडोम आहे. पण बराचसा भाग हा असा, डॉक्टरसमोर गप्प बसण्याचा, मेडिकलवाल्याकडून गुपचूप ट्यूब आणण्याचा. डॉक्टरनं तोंड वाकडं केलंच तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा, तपासणी सोडू नका.

तुझ्या नवऱ्यानं सुचवलेल्या डॉक्टरकडे मात्र अजिबात नेऊ नकोस. जावईबापूंचा हेतू वाईट नसेल, बायकोच्या भावाची काळजी आहे म्हणून शोधाशोध केली असणार. पण मुलगे आवडणं हा बरं करायला आजारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 मध्येच ते आजारांच्या यादीतून काढलं. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं 2018 मध्ये तेच सांगितलं आणि त्याच वर्षी 6 सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमाचा बडगा काढून घेतला. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असले ‘उपचार’ करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे ते डॉक्टर पैसे घेऊन जे करतात त्याची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते. नवऱ्याला हे नीट समजावून सांग. झोपेसाठी, उदासीसाठी मनोविकारतज्ज्ञ जरूर गाठा, तो उपचार खरा आहे. तिथंही लैंगिक कलावरून भेदभाव करायचा नाही असं 2017चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो.

आईबाबांना तू सांगायचं नाहीस. ते त्याचं सांगणं आहे, त्याला वाटेल तेव्हा. सध्या तर नकोच. फी आणि खोलीचं भाडं बाबांकडून येतं, आणि रागाच्या भरात ‘घरी ये, शिक्षण पुरे’ म्हणायला किती वेळ लागतो हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पुढं कधी त्यानं सांगितलंच, तर 2017 मध्ये मुंबईत अशा मुलांच्या पालकांनीच सुरू केलेला ‘स्वीकार’ हा गट आहे. दुसऱ्या आईच्या तोंडून ऐकलेलं आईला पटतं. त्याच्यासाठी 1994 पासून मुंबईत समलिंगी व्यक्तींसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट आहे. तोवर घरात कुणी ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ म्हणालं, तर तिथं तू आडवी पड. त्यात तिसऱ्याच घरच्या मुलीचं वाटोळं होतं.

लपवण्याबद्दल विचारतेस. अमेरिकेत केटलिन रायन यांच्या गटानं 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, घरच्यांनी फार झिडकारलेल्या समलिंगी, उभयलिंगी तरुणांमध्ये जीव द्यायचा प्रयत्न केलेल्यांचं प्रमाण, न झिडकारलेल्यांच्या किंवा कमी झिडकारलेल्यांच्या आठ पटींहून जास्त निघालं. देश वेगळा, पण घरातलं माणूस पाठीशी असणं किती मोलाचं ते त्यावरून कळतं. आज त्याच्या घरातलं ते माणूस तू आहेस. त्याचं गुपित तू राखतेस यात आईबाबांचं काही लुबाडत नाहीस.

आणि लाजेचं म्हणशील, तर वाचकांच्या असल्याच प्रश्नांना ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकात सरळ उत्तरं दिली म्हणून 1934 साली र. धों. कर्वेंवर खटला भरला होता. त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, तरी मासिक चालूच राहिलं. तेव्हा तू खुशाल विचार, रागवायचं काय त्यात?

ओपीडी सकाळची असते आणि केस पेपरला रांग लागते. रविवारीच पुण्याला जा. सासरी काय सांगायचं ते नवरा-बायको मिळून ठरवा, भावाला ताप आहे एवढं पुरे. त्याचं आधार कार्ड आणि आजवर घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या, ती ट्यूबही.