मायक्रोबिटचा रेडिओ: पहिल्याच तासाला ग्रुप नंबर वाटू नका

सहावीच्या मुलांचं मायक्रोबिटवर (प्रोग्रामिंग शिकायचा छोटा बोर्ड) बटणं-एलईडी शिकून झालंय, आता रेडिओ, म्हणजे बोर्डांनी एकमेकांना बिनतारी मेसेज पाठवणं, घ्यायचाय आणि गोंधळ नको म्हणून प्रत्येक जोडीला आधीच वेगळा ग्रुप नंबर (तोच नंबर लावलेले बोर्डच एकमेकांचे मेसेज घेतात) द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत, पहिल्या तासाला नको. तो गोंधळ होऊ द्या, खरं शिकणं तिथेच आहे.

सगळ्या वर्गाला ग्रुप 1 द्या आणि बटण दाबलं की आपलं नाव पाठवायचं, एवढाच प्रोग्राम करायला सांगा. नावं इंग्रजी अक्षरांत आणि आखूड ठेवा, मेककोडमध्ये (मायक्रोबिटचे प्रोग्राम ब्लॉक जोडून करायचं साधन) एका मेसेजला 19 अक्षरांचीच मर्यादा आहे. थोड्याच वेळात सगळ्यांच्या बोर्डवर सगळ्यांची नावं पळायला लागतात आणि कोणीतरी ओरडतंच, "अरे मी फक्त तिला पाठवलं होतं!" आता द्या ग्रुप, 0 ते 255 मधला कुठलाही. आणि हेही लगेच दाखवा की ग्रुप म्हणजे कुलूप नाही, सिग्नल सगळ्यांपर्यंत पोचतोच, बोर्ड फक्त आपल्या ग्रुपचा नसलेला मेसेज सोडून देतो, शेजारच्या जोडीने तोच नंबर लावला की यांचं सगळं त्यांना दिसतं.

दुसऱ्या तासाला मेसेज हरवणं घ्या, माझा सगळ्यात आवडता भाग. एका बोर्डने 1 ते 100 आकडे भराभर पाठवायचे, दुसऱ्याने किती आले ते फक्त मोजायचं. ट्रान्समिट पॉवर (सिग्नलची ताकद, 0 ते 7) मात्र 0 करा, नाहीतर डीफॉल्ट 6 वर वर्गाच्या कोपऱ्यापर्यंत सगळं नीट पोचतं आणि मुलांना काही फरकच दिसत नाही. मग अंतर वाढवा, मध्ये चार-पाच मुलं उभी करा. रेडिओ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतो आणि शरीरातलं पाणी हे सिग्नल बऱ्यापैकी शोषतं, त्यामुळे आकडा घसरलेला बघायला मिळतो, आणि पाठवणाऱ्या बोर्डला याचा पत्ताच नसतो!

इथे थांबून मुलांनाच विचारा, पोचलं हे पाठवणाऱ्याला कळणार कसं? "मिळालं" असं उलट पाठवायचं हे मुलं स्वतः सुचवतात, उत्तर नाही आलं तर परत पाठवायचं हेही. तसा प्रोग्राम करू द्या, आणि मग मजा बघा, कधीकधी मेसेज पोचतो पण "मिळालं"च हरवतं, पाठवणारा तोच मेसेज परत पाठवतो आणि घेणारा एकच मेसेज दोनदा मोजतो, म्हणजे पाठवले त्याच्यापेक्षा आले जास्त! यावर प्रत्येक मेसेजला क्रमांक द्यायचा, तोच परत आला तर मोजायचा नाही पण "मिळालं" मात्र परत कळवायचं, एवढ्यापर्यंत मुलं थोड्या इशाऱ्यावर येतात, घाईने सांगून टाकू नका. इंटरनेटवर टीसीपी (डेटा नीट पोचवायचे ठरलेले नियम) हेच करतं, ते नाव मात्र सगळं झाल्यावर सांगा.

आणि एक, मेककोडमध्ये रेडिओ आणि ब्लूटूथ एका प्रोग्राममध्ये चालत नाहीत, त्यामुळे मोबाईलला जोडायचा प्रयोग असेल तर तो वेगळ्या दिवशी घ्या.